पेटंट सुधारणांनी छोटा शोधक संपला, हे खरं नाही

"अमेरिकेने २०११ मध्ये पेटंट कायदा बदलला, २०१४ मध्ये ॲलिस निकाल आला, आणि सॉफ्टवेअरचं पेटंट म्हणजे नुसता कागद उरला. छोटा शोधक संपला, मोठ्या कंपन्यांचं फावलं." हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यातला एकेक मुद्दा तपासू.

ॲलिस या कंपनीच्या खटल्यातल्या या निकालाने सॉफ्टवेअर पेटंट बंद केली नाहीत. वादातलं पेटंट होतं ते दोन पक्षांच्या व्यवहारात त्रयस्थाने मध्ये राहून देणंघेणं पुरं करण्याचं. ही रीत फार जुनी. ती संगणकावर केली म्हणून शोध ठरत नाही, एवढंच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं. दोनच वर्षांनी, एनफिश विरुद्ध मायक्रोसॉफ्ट खटल्यात, अपील न्यायालयाने डेटाबेसची नवी रचना पेटंटयोग्य ठरवली, कारण तिथे संगणकाचंच काम सुधारलं होतं. दोन्हींमधली सीमारेषा धूसर आहे, ही तक्रार मात्र मला पटते.

"आधी अर्ज करेल त्याचं पेटंट" हा २०११ च्या कायद्यातला नियम १६ मार्च २०१३ पासून आहे. पण स्वतःचा शोध स्वतः जाहीर केला, तर त्यानंतर अर्जासाठी वर्षभराची मुदत आजही मिळते. अगदी छोट्या अर्जदारांना शुल्कात ७५ टक्के सवलत याच कायद्याने दिली. बहुतेक शुल्कांवर ती आता ८० टक्के आहे. मूळ मजकुरात याचा उल्लेखच नाही.

जुन्या काळाचं कौतुक करणाऱ्यांनी ब्लॅकबेरी फोनच्या कंपनीवरचा पेटंटभंगाचा खटला आठवावा. सेवा बंद पाडणारा मनाईहुकूम टाळायला कंपनीने मार्च २००६ मध्ये ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजले, आणि तेही पेटंट कार्यालय त्याच पेटंटांचे दावे, म्हणजे शोधावर हक्क सांगणारी कलमं, फेरतपासणीत नाकारत असताना! पुढे दोनच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने ईबे खटल्यात, पेटंटभंग झाला तरी मनाईहुकूम आपोआप मिळणार नाही, हे स्पष्ट केलं.

सर्वात जास्त राग आहे तो २०११ च्या कायद्याने आणलेल्या, दिलेली पेटंट फेरतपासणाऱ्या पेटंट कार्यालयातल्या मंडळावर. पर्सनल ऑडिओ ही कंपनी पॉडकास्टवर आपला हक्क सांगून पॉडकास्टर मंडळींकडे पैसे मागत होती. कोर्टात लढायचं तर लाखो डॉलर हवेत. ते एकट्यादुकट्याने आणायचे कुठून? इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने लोकवर्गणी काढून मंडळाकडे अर्ज केला. सीएनएन आणि कॅनडाची प्रसारण संस्था सीबीसी यांचे कार्यक्रम त्या पेटंटाच्या आधीच भागाभागांनी इंटरनेटवर येत होते, हे पुराव्यानिशी दाखवलं. २०१५ मध्ये आव्हान दिलेले दावे रद्द ठरले, २०१७ मध्ये अपिलातही तोच निकाल टिकला. या मंडळाकडे मोठ्या कंपन्या जास्त जातात आणि एकाच पेटंटावर पुन्हा पुन्हा अर्ज होतात, तेव्हा खऱ्या शोधकाची दमछाक होते. त्यावर मर्यादा आणायलाच हवी. पण मंडळच नसतं, तर त्या पॉडकास्टर मंडळींना पैसे देऊन सुटका करून घेण्यावाचून दुसरा मार्ग क्वचितच उरला असता.