शेकरू – १ (फक्त शेपूट)

मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, शनिवार-रविवार मोकळा ठेवा. भृंगराजसाठी भीमाशंकरला जायचंय." मला भरूनच आलं. माझ्या टकलाची सासरी कुणाला इतकी काळजी असेल असं वाटलं नव्हतं. भृंगराज म्हणजे माका आणि माका म्हणजे केसांचं तेल, एवढंच मला ठाऊक. कर्जत स्टेशनवर उतरल्यावर कळलं की भृंगराज नावाचा पक्षीही असतो. काळाभोर, शेपटीतून दोन लांब तारा निघालेल्या आणि तारांच्या टोकाला पिसांचे चमचे. मेहुणा सहा वर्षं त्याच्या मागावर आहे. हे समजेपर्यंत परतीची लोकल डोळ्यांदेखत सुटली.

माझ्या अंगात सोसायटीच्या गणेशोत्सवाचा पिवळाधमक टी-शर्ट होता. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'कार्यकर्ता'. मेहुणा स्वतः वाळक्या पाचोळ्याच्या रंगात आला होता. "हा रंग पाहून अख्खं जंगल रिकामं होईल," असं म्हणून त्याने मला तो उलटा घालायला लावला. मग कार्यकर्ता पोटाशी धरून आम्ही खांडसला पोचलो.

खांडसहून वर जायला दोन वाटा. गणेश घाट लांबचा पण सोपा. शिडी घाट जवळचा, आणि काय वाढून ठेवलंय ते नावातच सांगणारा. मेहुण्याने वेळ वाचवायचं ठरवलं. कड्याला लावलेल्या त्या लोखंडी शिड्या पाहून मला आधी विम्याचा हप्ता आठवला, मग कुलदैवत. अर्ध्या शिडीवर असताना वरून कुजबुज आली, "हलू नका." मी हललो नाही. हलणं माझ्या हातात राहिलंच नव्हतं. "उजवीकडे बघा, सर्पगरुड!" माझ्या नाकासमोर शिडीचा एक गंजका बोल्ट होता. तो मी त्या दिवशी इतका निरखून पाहिलाय की आजही आट्यांसकट चित्र काढून देईन. सर्पगरुड वहीत चढला, माझा बोल्ट नाही.

वहीबद्दल सांगायला हवं. मेहुण्याच्या वहीत नोंद व्हायची तर वेळ, झाड आणि जमिनीपासूनची उंची, तिन्ही पाहिजेत. "नाहीतर ती नोंद नाही, गप्पा."

पठारावर दोन्ही वाटा एकत्र येतात तिथे एका झोपडीत चहा मिळाला. तेवढीच सुखाची दहा मिनिटं. पुढच्या जंगलात बोलायचं नाही, खोकायचं नाही. बिस्किटाचा पुडा फोडला तर मेहुण्याने असं पाहिलं, जणू मी देवळात फटाका लावलाय. स्वतः मात्र तो दबक्या आवाजात अखंड बोलत होता. शेकरू हा आपला राज्यप्राणी. १९८५ साली इथलं अभयारण्य झालं ते मुख्यतः याच्याचसाठी. शेपटीसकट तीनेक फुटांची तांबूस खार, जमिनीवर सहसा पाय ठेवत नाही, या झाडावरून त्या झाडावर वीस फुटांची उडी मारते. आणि एकच शेकरू अनेक घरटी बांधतं! इथे मी उसासा टाकला. आमचा वन बीएचकेचा हप्ता अजून अकरा वर्षं बाकी आहे. संध्याकाळपर्यंत आम्ही चौदा घरटी पाहिली. मालक एकाही पत्त्यावर नव्हते.

शेवटी उजेड जाता जाता एका जांभळीवर काहीतरी सळसळलं. मी दुर्बीण डोळ्याला लावली तेव्हा तिचं झाकण काढायचं राहिलं होतं. मेहुण्याने तेवढ्यात लिहिलं: शेकरू – १ (फक्त शेपूट).

रात्री गावातल्या एका घरी मुक्काम. पहाटे तीनला त्याने मला गदागदा हलवलं. "भेकर! ऐका, कुत्र्यासारखं भुंकतंय!" मला ते कुत्र्यासारखं नाही, कुत्राच वाटत होतं, पण जावयाने किती बोलावं यालाही मर्यादा असतात. सकाळी चहा देताना घरमालक म्हणाले, "रात्री आमच्या मोत्याने लई तरास दिला का?" वहीतली एक ओळ मुकाट्याने खोडली गेली.

रविवारी दुपारी देवळाच्या पायऱ्यांवर सासूबाई भेटायच्या होत्या. "मला शिड्या-बिड्या नकोत," म्हणून त्या शिवाजीनगरहून सकाळच्या एसटीने थेट दर्शनाला आल्या होत्या. अंगावर लालभडक इरकल, हातात प्रसादाची कॅरीबॅग, तिचा चुरचुर आवाज दहा पायऱ्यांवरून येत होता.

"काय रे, दिसली का तुमची ती खार?"

"शेपूट दिसलं," मी म्हणालो.

"अगंबाई! मला तर तीन दिसल्या."

मेहुणा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, वेळ, झाड, उंची असल्याशिवाय नोंद होत नसते."

"सव्वाबारा," सासूबाई म्हणाल्या. "नारळ फोडून बाहेर आले तेव्हा घड्याळ पाहिलं, परतीची एसटी चुकायला नको म्हणून. उंबराचं झाड. उंची आपल्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीएवढी. दोन मोठ्या, एक लहान. लहान्या पिल्लाला नीट उतरता येत नव्हतं, आई थांबली होती त्याच्यासाठी."

मेहुण्याने वही काढली. तीन लिहिले. माझ्याकडे न बघता लिहिले.

"आणि त्याच फांदीवर एक काळा पक्षी कधीचा ओरडत होता मेला," कॅरीबॅगेतून मला पेढा काढून देत त्या म्हणाल्या. "घ्या, जावईबापू. शेपटीला दोन दोरे लोंबत होते, टोकाला चमच्यासारखं काहीतरी. मला वाटलं पतंगाचा मांजा अडकलाय बिचाऱ्याला. हाड् हाड् करून उडवून लावला."