पान बघून गूळ घ्या

परवा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका चकाचक दुकानातून किलोभर गूळ आणला. नेहमीच्या तिप्पट भाव. डब्यावर हिरवं पान, 'शाश्वत', 'जबाबदार', शिवाय क्यूआर कोड. स्कॅन केला तर उसात उभा एक हसरा शेतकरी. गुऱ्हाळ कुठलं, गूळ शिजवणारा गुळव्या कोण, पत्ता नाही. दुकानातल्या पोराला विचारलं तर म्हणतो, "काका, पान हाय की त्याच्यावर!"

तर मंडळी, जागरूक ग्राहक असं व्हायचं असतं.

बातमी आली की हळहळा. घरच्या ग्रुपवर टाका. दोन दिवस पुरे.

पान जितकं हिरवं, माल तितका पवित्र.

गूळ मात्र पिवळाधमकच मागा. रानभेंडीच्या चिकानं मळी काढलेला गूळ काळपट निघाला की नाक मुरडा. तुमच्या डोळ्यांचे लाड पुरवायला कुणीतरी काहिलीत हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पावडर टाकणार, मग 'गुळात केमिकल' अशी बातमी येणार, तुम्ही हादरणार आणि पानवाला डबा घेणार. तोही पिवळाच बघून.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा 'आमच्या कारागिरांना श्रेय द्या' म्हणून स्टेटस ठेवलंत ना? छान. आता चप्पल लाईनला जाऊन त्याच कारागिराशी शंभर रुपयांसाठी हुज्जत घाला. नाहीच जमलं तर रेक्झिनची घ्या, फोटोत सारखीच दिसते.

आणि साखर. ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात, हे बीडच्या बातम्यांत २०१९ लाच आलं होतं. तुम्ही हादरलात कधी, तर २०२४ साली न्यूयॉर्क टाइम्सनं ते कोक-पेप्सीच्या साखरेशी जोडलं तेव्हा! आठवडाभर कोल्ड्रिंक सोडलंत. अरे, नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर आगाऊ पैशांची उचल, खाडा पडला की दंड, मग पाळी आली काय नि पोटात पोर असलं काय. हे कळायला अमेरिकेचा पेपर कशाला लागतो? हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं हॉर्न बडवत बसता, तेव्हा पुढं मोळ्यांवर लेकरू घेऊन बसलेली बाई दिसत नाही? रस्त्याकडेची पालं दिसत नाहीत?

पर्यावरणाचे दावे पुराव्यानिशी करा, असं केंद्रानं ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय. पण दुकानात उभं राहून पुरावा मागणार कोण? तुम्ही? तिप्पट पैसे मोजता आणि ऊस कुणी तोडला, टनाला काय मिळालं, एवढं विचारत नाही. भाव पाडताना तोंड चालतं की चांगलं! लाज वाटू द्या जरा.