वाचनालयाची किल्ली

गेल्या महिन्यात गावाकडच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला होता. आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, वेंगुर्ला रस्त्याच्या बाजूला. शिनोळी आली की महाराष्ट्र. आम्ही अलीकडे, कर्नाटकात राहिलो. गावच्या मराठी वाचनालयाची पाटी गंजून खाली आली, आणि नवी पाटी कशी करायची यावरून विषय पेटला. फलकांवर ६० टक्के कन्नड असलंच पाहिजे, असा कर्नाटकाचा २०२४ चा दुरुस्त कायदा आहे. एकाचं म्हणणं, आपली पाटी मराठीतच हवी, होऊ दे काय व्हायचं ते. दुसऱ्याचं म्हणणं, वाद नको, दोन्ही भाषा घाला. तिसऱ्याने तर पाटीचा प्रश्नच निकालात काढला: "आता मोबाईलवर सगळं मिळतंय की. पुस्तकं उचलून कडेला ठेवा, अभ्यासिका करा, ग्रंथपालाचे पैसे तरी वाचतील."

शे-दीडशे मेसेज झाले. वाचनालय रोज उघडणारी मुलगी त्या ग्रुपमध्ये नाही. तिला कुणी काही विचारलंही नाही.

मी अकरा वर्षं फिनलंडमध्ये, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात राहते. लांब बसून गावाला शहाणपण शिकवणाऱ्यांचा मलाही राग येतो, आणि सीमाभागातलं रोजचं जगणं जे जगतात त्यांचा बोलण्याचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे. पण या विषयावर गप्प बसवत नाही, कारण त्या वाचनालयाची किल्ली सव्वीस वर्षं आमच्या घरातल्या खुंटीवर होती. माझे बाबा तिथले ग्रंथपाल.

ग्रंथपाल म्हटलं की लोकांना टेबलामागे बसून पेपर वाचणारा माणूस दिसतो. मला आठवतात ती बाबांची निळसर झालेली बोटं. फाटलेल्या पुस्तकांची बांधणी ते घरीच करायचे. आई पिठाची खळ शिजवून द्यायची आणि बाबा त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, म्हणजे कसर लागत नाही. आमच्याकडे घाटाजवळचा पाऊस. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपाटाची दारं फुगलेली, पुस्तकांना बुरशीचा वास. दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं की सगळी पुस्तकं अंगणात चटयांवर पसरायची, एकेक झटकायचं, कडुनिंबाचा पाला घालून परत लावायचं. नवं पुस्तक आलं की दाखलनोंद वहीत चढवायची, पहिल्या पानावर शिक्का मारायचा आणि मग 'गुप्त पाना'वर दुसरा. आमच्या वाचनालयाचं गुप्त पान सतरावं होतं. पहिलं पान फाडून पुस्तक कुणी आपलं म्हणून सांगू लागला, तर सतराव्या पानावर खरं-खोटं ठरायचं. हे पान मला ठाऊक होतं याचा लहानपणी केवढा अभिमान वाटायचा!

सकाळी सातला दार उघडायचं. त्याआधीच चार म्हातारी माणसं पायरीवर बसलेली असायची. बेळगावहून पेपर आला की त्याची पानं सुटी व्हायची आणि एक पेपर चौघांत फिरायचा. दुपारी बायका मासिकं बदलायला यायच्या. त्यांच्यात एक दबक्या आवाजात म्हणायची, "काका, मागच्यासारखंच द्या काय तर, रडवणारं नको." बाबांना कुणी काय वाचलंय, कुणाच्या घरी नुकतं काय घडलंय, हे माहीत असायचं, आणि ते त्या हिशेबाने पुस्तक काढून द्यायचे. ही माहिती कुठल्या रजिस्टरमध्ये नसते.

आणि एक काम, जे त्यांच्या कामात कुणी कधी धरलंच नाही. जमिनीचे उतारे, बँकेच्या नोटिसा, पंचायतीची पत्रं कन्नडमध्ये यायची. आमच्या गावातल्या कितीतरी जणांना कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं तर सगळ्यांनाच, पण वाचता येत नाही. एक शेतकरी उतारा घडी घालून टोपीत ठेवून आला होता, मला स्पष्ट आठवतं. "गुरुजी, भावाचं नाव काढलंय काय बघा ओ." बाबांनी कन्नड अक्षरांवर बोट ठेवून एकेक नाव वाचून दाखवलं. भावाचं नाव होतं. तो माणूस तिथेच खाली बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. बाबांनी त्याला पाणी दिलं.

बाबा कन्नड पंचविशी ओलांडल्यावर शिकले, मुद्दाम. वाचनालयात एका कपाटात त्यांनी कन्नड गोष्टींची पुस्तकंही ठेवली, कारण गावातली निम्मी पोरं तेव्हाच कन्नड माध्यमात जाऊ लागली होती. यावरून वाचनालयाच्या समितीत त्यांना बोल लावले गेले. मराठी वाचनालयात कन्नड पुस्तकं कशाला? बाबा वाद घालणारे नव्हते. एवढंच म्हणाले, "पोरगं इथं आलं तरच मराठी वाचणार. येण्यासाठी त्याला काहीतरी कारण पाहिजे." मला त्यांचं हे तेव्हाही पटलं होतं आणि आज त्याहून जास्त पटतं.

आता पैशाचं. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन सरकार अनुदान देतं. कर्नाटकाचा कायदा १९६५ चा आणि त्याची रीत वेगळी: ग्रंथालयं सरकार स्वतः चालवतं आणि त्यासाठी घरपट्टीवर उपकर घेतं, आज ६ टक्के. त्यामुळे शिनोळीपलीकडचं वाचनालय अनुदानावर कसंबसं उभं राहतं, आणि चार मैल अलीकडचं आमचं, वर्गणी आणि गणपतीच्या पावत्यांवर. पलीकडेही सोनं पिकत नाही, हे सांगायला हवं. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, तरी 'ड' वर्गातल्या ग्रंथपालाला त्यावर घर चालवता येत नाही. आणि ज्या मुलखात हे सगळं चाललंय त्याच्या उंबऱ्यावरच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला होता. बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. वाचनाची एवढी जुनी ओढ असलेल्या भागात ग्रंथपालाला आपण अजून 'मानधना'वर ठेवतो.

पण त्या ६ टक्क्यांकडे परत या. आमच्या घरपट्टीच्या पावतीवर आरोग्य, शिक्षण यांच्या शेजारी ग्रंथालय उपकराचा रकाना आहे. पावती कन्नडमध्ये असते म्हणून बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणजे आमच्या गावातलं प्रत्येक मराठी घर कर्नाटकाच्या ग्रंथालयांना पैसे देतं. ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयांना आता 'अरिवु केंद्र' म्हणतात, ज्ञानकेंद्र, आणि राज्यात अशी पाच हजारांवर आहेत. तिथे जाऊन 'आमच्या उपकरातून मराठी पुस्तकं किती घेतली' हे आपल्यापैकी कोण विचारतं? भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं केंद्राचं १९५६ चं निवेदन आपण पत्रकांसाठी, उताऱ्यांसाठी सांगतो, जिथे अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्क्यांवर तिथे सरकारी कागद त्या भाषेतही, ही अट पाठ म्हणून दाखवतो. पुस्तकांच्या खरेदीची यादी मागायला कधी मोर्चा गेल्याचं मला आठवत नाही.

एस्पोत पहिल्यांदा वाचनालयात गेले ते थंडीपासून वाचायला. ते एका मॉलच्या आत होतं. भाषा येत नव्हती, नोकरी नवऱ्याची, ओळखीचं कुणी नाही. टेबलापाशी बसलेल्या ग्रंथपाल बाईंनी मला कार्ड करून दिलं, पैसे न घेता, आणि गुरुवारच्या 'भाषा कॅफे'चा कागद हातात ठेवला. तिथे आठवड्यातून एकदा मोडकंतोडकं फिनिश बोलायला लोक जमतात. त्या बाई मुद्दाम सावकाश बोलायच्या. चूक झाली तर लगेच दुरुस्त करायच्या नाहीत, वाक्य पूर्ण होऊ द्यायच्या. शेजारच्या टेबलावर त्यांच्याच सोबतीच्या एक जण एका आजोबांना बँकेचं ॲप उघडून देत होत्या. मला टोपीतला उतारा आठवला. काम तेच होतं. फरक इतकाच की इथे त्या कामाला पगार आहे, सुट्टी आहे, आणि कायद्यात त्याला जागा आहे. हेलसिंकीत २०१८ साली शहराचं नवं ग्रंथालय उघडलं तेही थेट संसदेच्या समोर.

एस्पोत स्वीडिश बोलणारे आठ टक्क्यांपेक्षा कमी आहेत. तरी शहर कायद्याने द्विभाषिक आहे, कारण नियम असा की अल्पसंख्य भाषेचे लोक आठ टक्के असोत किंवा तीन हजार, दोन्हींपैकी एक पुरे. त्यामुळे माझ्या जवळच्या ग्रंथालयात स्वीडिश कपाट आहे, स्वीडिशमध्ये बोलणारा माणूस आहे, आणि फिनिश मुलं त्या कपाटासमोरच लोळत कॉमिक्स वाचत असतात. फिनिश संपेल म्हणून ते कपाट हलवा, असं कुणी म्हणताना मी ऐकलं नाही.

हे सरळ उचलून बेळगावात ठेवता येणार नाही, हे मला कळतं. स्वीडिश ही इथे एकेकाळी राज्यकर्त्यांची भाषा होती. आमची मराठी बेळगावात शेतकऱ्यांची, विणकरांची, शिवणकाम करणाऱ्या बायकांची भाषा आहे. शाळेत स्वीडिश सक्तीचं असावं का, यावर इथेही घराघरांत वाद होतो. शिवाय या देशाची लोकसंख्या ५५ लाखांच्या घरात, करही भरपूर. आणि सगळं इथलं छान आहे असंही नाही. काही वर्षांपासून सकाळी आणि रात्री ग्रंथालय 'स्वयंसेवा' पद्धतीने चालतं. कार्ड दाखवा, नंबर दाबा, दार उघडतं. आत दिवे लागलेले, पुस्तकं जागच्या जागी, यंत्र पुस्तक परत घेतं, आणि माणूस कुणी नाही. एका सकाळी तिथे एक म्हातारी बाई हातात कागद घेऊन रिकाम्या टेबलापुढे उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिला हवं ते मी सांगू शकले नाही. आम्ही दोघी दहा वाजेपर्यंत वाट बघत बसलो.

म्हणून 'मोबाईलवर सगळं मिळतंय' हे वाचलं तेव्हा मला चीड आली. कर्नाटकाने २०२० मध्ये डिजिटल ग्रंथालय सुरू केलं, चांगलं केलं. पण वीज गेलेल्या दुपारी, रेंज नसलेल्या गल्लीत, 'रडवणारं नको' म्हणणाऱ्या बाईला ॲप काय देणार? अभ्यासिकेलाही माझा विरोध नाही. पोलीस भरतीची, तलाठी भरतीची तयारी करणारी पोरं हीच आज वाचनालयाची खरी गर्दी आहे आणि त्यांना शांत जागा मिळायलाच हवी. मात्र तिथेही कुणीतरी बसलेलं लागतं. भांडण झालं तर मिटवायला, जुने अंक काढून द्यायला, मुलींना रात्री आठपर्यंत निर्धास्त बसता यावं म्हणून.

सीमालढ्याला मी कमी लेखत नाही. १७ जानेवारीला हुतात्म्यांना हात जोडणाऱ्या घरात मी वाढले आहे. ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर वीस वर्षांत एक पूर्ण पिढी शाळेत जाऊन बाहेर पडली. त्या पिढीने मराठी वाचली की नाही, हे पाटीवरच्या टक्क्यांनी ठरलं नाही. संध्याकाळी दार उघडं होतं का आणि आत कोण बसलं होतं, यावर ठरलं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, एवढ्याशा गावांत आपण साहित्य संमेलनं भरवतो. मांडव, पाहुणे, ग्रंथदिंडी, सगळं हौसेने आणि लोकांच्या पैशाने. ही ताकद आपल्यात आहे. त्यातल्या एका दिवसाच्या जेवणावळीच्या खर्चात ग्रंथपालाचा वर्षाचा पगार निघू शकतो, आणि मला वाटतं तो आधी निघाला पाहिजे.

मी समितीला लिहिलं आहे. माझी दरवर्षीची देणगी पाटीसाठी वापरू नका, इमारतीच्या फरशीसाठीही नको. ती फक्त ग्रंथपालाच्या पगारात जाऊ दे. आणि पंचायतीकडे ग्रंथालय उपकराचा हिशेब आणि मराठी खरेदीची यादी लेखी मागा, अर्ज कन्नडमध्ये करा, बाबा लिहून देतील. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि हात थोडा थरथरतो, पण अक्षर अजून छान आहे.

मग त्या मुलीला फोन लावला. तिचं पहिलं वाक्य, "ताई, माझ्याकडून काय चुकलं काय?" नाही म्हटल्यावर ती मोकळी बोलू लागली. सकाळी शाळेत सेविका, संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय. तिला काय हवं ते मी कागदावर उतरवून घेतलं. मागच्या खिडकीला जाळी, उंदीर येतात. रात्री परत जाताना रस्त्यावर एक दिवा. दिवाळी अंक या वर्षी तरी वेळेवर. जुन्या पुस्तकांसाठी बांधणीचं कापड. "आणि ताई, पहिली-दुसरीच्या पोरांसाठी एकाच पुस्तकात मराठी पण आणि कन्नड पण, चित्रांचं असं काही असतंय काय बघा ना. ती दोन-दोन पोरं मिळून वाचतात. एक हे वाचतंय, दुसरं ते."

तेवढं मी आता शोधते आहे.