'घरबसल्या' म्हणालात म्हणून

सर, नमस्कार.

माझ्या बाळदम्याच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. "रक्ताच्या तपासणीवरून कुठल्या लेकराला स्टेरॉइडचा पंप लागू पडेल ते कळतं, असं लिहून तुम्ही पालकांना लॅबच्या दारात उभं करताय. त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त मुलांना गुण आला नाही, ते का सांगत नाही? घरबसल्या डॉक्टरकी करणाऱ्यांनी लेकरांच्या जिवाशी खेळू नये."

एक चूक कबूल. स्टेरॉइडचा पंप आणि माँटेलुकास्ट हे दम्याचं दुसरं औषध, दोन्ही त्याच मुलांना देऊन पाहिलेल्या २००५ च्या त्या अमेरिकन अभ्यासातल्या १४४ मुलांचं वय मी ५ ते १७ लिहिलं होतं, ते ६ ते १७ हवं. दुरुस्त केलंय.

आता 'घरबसल्या'. माझा लेक सहा वर्षांचा होता. शेजारच्या रानात सोयाबीनची मळणी लागली की रात्री दोनला उठून बसायचा, छाती नुसती भात्यासारखी. सेलूहून परभणीच्या किती खेपा केल्या, एसटीच्या कंडक्टरला तोंडपाठ झालो होतो आम्ही. पहिल्या डॉक्टरांनी खोकल्याच्या बाटल्यांवर दीड वर्ष काढलं, 'दमा' हा शब्द तोंडातून काढला नाही. दुसऱ्यांनी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी केली; इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ७०० च्या वर. म्हणाले, "याला पंपाचा गुण येईल." उंची खुंटेल म्हणून सासूबाईंनी पंप लपवून ठेवला. (ती भीती अगदीच खोटी नाही, मोठेपणी सरासरी १.२ सेंटिमीटरचा फरक राहतो, हे लेखात मीच लिहिलंय.) तरी दिला, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या आठवड्यात लेकरू सलग झोपलं, आणि मीच त्याचा श्वास ऐकत जागी राहिले. हे घरबसल्या का? आईला असं बोलताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

राहिला तुमचा आकडा. ५५ टक्के मुलांची फुंकर (जोरात श्वास सोडायची ताकद) दोन्हींपैकी एकाही औषधानं ठरल्याइतकी सुधारली नाही, खरंय. पण नुसत्या पंपानं सुधारलेली २३ टक्के आणि नुसत्या माँटेलुकास्टनं ५ टक्के. पंपाला दाद देणाऱ्यांमध्ये इओसिनोफिल आणि श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड (श्वासनळीला ॲलर्जीची सूज असली की वाढणारा वायू) जास्त होतं. मी एवढंच लिहिलं, त्यावर आणखी घोळ घालणार नाही.

आणि लेकरांच्या जिवाशी खेळ म्हणालात, तर इओसिनोफिल कमी आले तर पंप बंद करा, असं मी कुठं लिहिलंय ती ओळ दाखवा. सापडली तर लेख आजच काढते.