सशापासून गालिचा वाचवण्याचे ‘खात्रीशीर’ उपाय: एक प्रतिवाद

घरात ससा पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: ससा गालिचा कुरतडतो तो वाढणारे दात झिजवण्यासाठी, म्हणून त्याला लाकडाचा तुकडा किंवा कडक पोळी द्यावी, गालिच्यावर मिरचीचे किंवा व्हिनेगरचे पाणी शिंपडावे, उकरताना दिसला की ओरडून नाकावर टिचकी मारावी, तरीही ऐकत नसेल तर पिंजऱ्यात ठेवावे आणि नसबंदी करून घ्यावी, म्हणजे खोड कायमची जाते, दोन-चार धागे पोटात गेलेच तर ते लेंड्यांवाटे पडून जातात, आणि काहीच जमले नाही तर गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकावा. यातील जवळपास प्रत्येक वाक्यात थोडे खरे आणि बरेच चुकीचे मिसळलेले असल्यामुळे एकेक मुद्दा सुटा करून पाहणे आवश्यक आहे.

या सर्व उपायांमागे एक गृहीत आहे, ते म्हणजे उकरणे ही सशाला घरात लागलेली वाईट सवय आहे. महाराष्ट्रातील माणसाला हे पटण्याचे एक कारण असे असावे की आपल्या माळरानांवर आणि शेतांच्या बांधांवर दिसणारा ससा बीळ खोदत नाही. तो गवतात किंवा झुडपाखाली उथळ बैठक करून राहतो आणि संकट आले की धूम ठोकतो. दुकानातून घरी येणारा पांढरा किंवा करडा ससा हा या रानसशाचा पाळीव वंशज नाही. तो मूळच्या इबेरियन द्वीपकल्पातील (आजचे स्पेन-पोर्तुगाल) युरोपीय सशाचा वंशज आहे, आणि ही वेगळी जात जमिनीखाली एकमेकांना जोडलेल्या बिळांत समूहाने राहते. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात याच जातीच्या सशांना अडवण्यासाठी शेकडो मैल लांबीचे कुंपण घातले गेले, तेव्हा त्यांनी खालून उकरून पलीकडे जाऊ नये म्हणून तारेची जाळी जमिनीतही पुरावी लागली होती. कुंपण पूर्ण होण्याआधीच ससे पलीकडे पोहोचले होते, हा भाग वेगळा. बीळ खोदताना पुढच्या पायांनी माती मागे ढकलणे आणि वाटेत आलेले मूळ दातांनी तोडणे ही एकाच कामाची दोन अंगे असतात. गालिचा उकरता उकरता त्याचे धागे कुरतडणारा ससा नेमके हेच करत असतो, फक्त त्याच्या पायांखाली माती नसते.

आता दातांचा मुद्दा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात हे खरे आहे. त्याच्या तोंडात २८ दात असतात, पटाशीचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात, आणि संदेशात ज्यांचा उल्लेखही नाही त्या दाढाही मरेपर्यंत वाढत राहतात. परंतु पटाशीचे दात मुख्यतः एकमेकांवर घासून झिजतात, तर दाढा गवत आडव्या हालचालीने दळताना एकमेकींवर आणि गवतातील सिलिकाच्या सूक्ष्म कणांवर घासून झिजतात, आणि त्यासाठी दिवसाचे कित्येक तास चघळावे लागते. गालिच्याचा धागा पटाशीने तुटतो आणि गिळला जातो. दाढांची झीज करण्याच्या कामी तो येत नाही. लाकडाच्या तुकड्याचेही तसेच आहे. पेरूची किंवा तुतीची कीटकनाशक न मारलेली फांदी सशाला करमणूक म्हणून अवश्य द्यावी, परंतु तिने दाढांचा प्रश्न सुटतो असे समजू नये. कडक पोळी मात्र देऊच नये, कारण पिष्टमय पदार्थाने सशाच्या आतड्यांतील जिवाणूंचा तोल बिघडतो आणि पोट भरल्यामुळे गवत खाणे कमी होते.

म्हणून गालिचा कुरतडणाऱ्या सशाच्या बाबतीत पहिली चौकशी गवताची करावी. वाळलेले गवत त्याच्यासमोर रात्रंदिवस, न संपता असते का? आपल्याकडे अनेक घरांत ससा गाजर, कोथिंबीर आणि दुकानातील दाणे यांवरच पोसला जातो. हे अन्न तो थोड्या वेळात संपवतो आणि उरलेला दिवस चघळण्यासाठी काहीही नसल्यामुळे सतरंजी, वर्तमानपत्र, भिंतीचा रंग, जे सापडेल ते दातांखाली घेतो. परदेशातून येणारे टिमोथी गवत परवडत नसेल तर ओटचे वाळलेले गवत, हरळी किंवा मारवेल चालते. लसूणघासात प्रथिने आणि कॅल्शियम अधिक असल्यामुळे ती वाढत्या पिल्लांना द्यावी, प्रौढ सशाला रोजचे अन्न म्हणून देऊ नये. गवत पुरेसे झाले की कुरतडणे बऱ्याच प्रमाणात कमी होते, उकरणे तितके होत नाही, आणि याच फरकामुळे दोन्हींवर एकच औषध शोधणारा संदेश फसतो.

मिरचीच्या पाण्याचा सल्ला घातक आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य सस्तन प्राण्यांना साधारणपणे झोंबते, एवढेच या सल्ल्यामागचे सत्य. ससा मुख्यतः नाकानेच श्वास घेतो आणि उकरताना त्याचे नाक धाग्यांपासून बोटभर अंतरावर असते. शिवाय उकरून झाल्यावर तो त्याच पुढच्या पायांनी तोंड पुसतो. म्हणजे गालिच्यावर शिंपडलेले तिखट नाकात, डोळ्यांत आणि पायांच्या केसांत जाते, तेथून चाटल्यामुळे पुन्हा तोंडात जाते, आणि हे सर्व का घडले याचा गालिच्याशी संबंध जोडण्याचे कोणतेही साधन त्या प्राण्याकडे नसते. व्हिनेगर तुलनेने निरुपद्रवी आहे, पण त्याचा वास उडून गेला की परिणामही उडून जातो. कडू फवाऱ्यांचाही भरवसा धरू नये, कारण कडसर पाला आवडीने खाणाऱ्या प्राण्याला कडूपणाचे फारसे वावडे नसते. याच संदेशाच्या काही आवृत्त्यांत डांबरगोळ्या गालिच्याखाली ठेवण्यास किंवा निलगिरीचे तेल लावण्यास सांगितलेले असते. नॅफ्थॅलीनच्या डांबरगोळ्या विषारी असतात आणि ससा समोर आलेली वस्तू चावून पाहतो, एवढे लक्षात घेतले तरी हा सल्ला पुढे पाठवण्याचे धाडस कोणी करू नये.

टिचकी, ओरडणे, अंगावर पाणी उडवणे आणि कान धरून उचलणे हे उपाय संदेशात ‘शिस्त’ या नावाने येतात. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे; अचानक वरून आलेला हात त्याच्या दृष्टीने घारीपेक्षा वेगळा नसतो. अशा हाताने तो गालिचा टाळायला शिकत नाही, माणूस टाळायला शिकतो, आणि उकरण्याचे काम माणूस खोलीत नसताना उरकतो. यात शारीरिक धोकाही आहे. सशाचा सांगाडा शरीराच्या मानाने हलका आणि मागच्या पायांचे स्नायू फार ताकदवान असतात, त्यामुळे घाबरून किंवा चुकीच्या पद्धतीने उचलल्यावर त्याने जोराने लाथ झाडली तर त्याच्याच कंबरेचा मणका मोडू शकतो. याच्या उलट टोकाची चूक प्रेमळ घरांत होते. ससा उकरू लागला की त्याचे लक्ष वळवण्यासाठी कोणी तरी केळ्याचा तुकडा घेऊन धावते, आणि उकरले की केळे मिळते हा धडा तो फार लवकर शिकतो.

उकरण्याची गरज भागवायची तर उकरायला दुसरी जागा द्यावी लागते, आणि ती कोठे द्यायची हे ससाच सांगत असतो. बंद दाराच्या फटीशी उकरणारा ससा बहुधा पलीकडे जाऊ पाहत असतो. सोफ्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उकरणारा आडोसा करत असतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातील घरात गालिचा बाजूला ओढणारा ससा खालची गार जमीन शोधत असण्याची शक्यता अधिक, आणि त्याला शहाबादी फरशीचा एक तुकडा सावलीत ठेवून दिला तरी पुष्कळ फरक पडतो. कोपऱ्यात उकरणाऱ्यासाठी, ससा आत सहज वळू शकेल एवढा मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, त्याच्या चिकटपट्ट्या आणि तारेचे टाके काढून टाकावेत, त्यात वाळलेले गवत आणि चुरगळलेला कागद भरावा आणि तळाशी त्याच्या रोजच्या खाण्यातले थोडे दाणे पेरावेत. गच्ची किंवा बाल्कनी असेल तर उथळ टबात खत आणि औषध न घातलेली माती यापेक्षा उत्तम. महत्त्वाचे हे की हा खोका सुरुवातीला आपल्या सोयीच्या जागी न ठेवता नेमका त्याच जागी ठेवावा जेथे गालिचा फाटतो आहे, आणि पुढे रोज थोडा थोडा सरकवावा. ससे पहाटे आणि संध्याकाळी सर्वाधिक चपळ असतात, म्हणून दाणे पेरण्याची वेळही तीच ठेवावी.

पिंजऱ्याविषयी थोडक्यात एवढेच की कोंडल्याने गालिचा वाचतो, पण कोंडलेला ससा सुटल्याबरोबर साठलेली सारी ऊर्जा त्याच गालिच्यावर काढतो. ब्रिटनमधील सशांच्या कल्याणासाठी काम करणारी रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सतत मोकळी जागा सुचवते. मुंबईच्या वन-बीएचकेत एवढी जागा म्हणजे जवळपास एक छोटी खोली झाली, हे मान्य आहे. पण तेवढे शक्य नसेल तर रोजचे काही तास मोकळे फिरणे तरी हवेच, आणि त्या वेळेत विजेच्या वायरी प्लॅस्टिकच्या नळीत घातलेल्या असाव्यात, कारण गालिच्यानंतर त्याची नजर तिकडेच जाते.

नसबंदीचा सल्ला मात्र योग्य आहे. चुकीचे आहे ते त्यामागचे आश्वासन. साधारण ४ ते ६ महिन्यांच्या वयात ससा प्रौढ होतो आणि तेव्हाच उकरणे एकाएकी वाढल्याचे घरच्यांच्या लक्षात येते. मादीमध्ये ते विशेष तीव्र असते, कारण पिल्लांसाठी बीळ खोदण्याचे काम प्रामुख्याने तिचे. नराशी संबंध न येताही तिला खोटी गर्भधारणा होऊ शकते, आणि त्या काळात ती छातीचे केस उपटून, गवत तोंडात धरून जागोजागी उकरत हिंडते. नसबंदीने हा हंगामी उद्रेक थांबतो, पण शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकांचा प्रभाव ओसरण्यास काही आठवडे लागतात आणि मूळची उकरण्याची प्रवृत्ती त्यानंतरही शिल्लक राहते. मादीची नसबंदी करण्याचे खरे कारण गालिचा नसून गर्भाशयाचा कर्करोग आहे, जो नसबंदी न झालेल्या, वय झालेल्या माद्यांत फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. शस्त्रक्रिया सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडूनच करून घ्यावी. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवण्याचा कुत्र्या-मांजरांचा नियम सशाला लागू होत नाही; त्याला उलटी होतच नाही आणि त्याचे आतडे रिकामे राहणे धोक्याचे असते.

उलटी न होणे हाच पुढच्या मुद्द्याचाही गाभा आहे. धागे लेंड्यांवाटे पडून जातात, हे विधान काही वेळा खरे ठरते, आणि म्हणूनच ते सर्वांत धोकादायक आहे. गवताचा तंतू आतड्यांना चालना देतो; नायलॉन, पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टरचा धागा पचत नाही, तो इतर धाग्यांत आणि सशाने स्वतःला चाटताना गिळलेल्या केसांत अडकून गोळा होऊ शकतो, आणि पाठीमागे रबरी लेप असलेल्या स्वस्त गालिच्यांतून तर लेपाचे तुकडेही पोटात जातात. लोकरीचा गालिचा ‘नैसर्गिक’ असतो म्हणून तो सुरक्षित असेही नाही, कारण लोकरही सशाला पचत नाही. लेंड्या लहान, वेड्यावाकड्या किंवा धाग्याने माळेसारख्या जोडलेल्या दिसू लागल्या तर धागे किंवा केस पोटात जात आहेत असे समजावे. आणि ससा १० ते १२ तास काही खात नसेल किंवा त्याने लेंड्या टाकल्या नसतील, पोट ताणून, अंग आक्रसून एका जागी बसला असेल, दात करकरा वाजवत असेल, तर घरगुती तेल-तुपाचे प्रयोग न करता त्याच दिवशी, गरज पडल्यास त्याच रात्री, पशुवैद्य गाठावा. आतडे थांबलेला ससा सकाळपर्यंत वाट पाहण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.

राहिला गालिचा माळ्यावर टाकण्याचा सल्ला. सशाच्या तळपायांना कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या नसतात, केवळ दाट केस असतात, त्यामुळे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर त्याचे पाय घसरतात. असा ससा धावणे सोडतो आणि एका कोपऱ्यात बसून राहू लागतो. कठीण पृष्ठभागावर सतत बसल्याने मागच्या टाचांवरचे केस झडून जखमाही होतात. म्हणून गालिचा काढला तरी पायांना पकड देणारे काही तरी अंथरावेच लागते. सैल फेऱ्यांचा, म्हणजे न कापलेल्या धाग्यांच्या वळ्यांचा, गालिचा सर्वांत वाईट, कारण त्याची एक फेरी दाताखाली आली की पूर्ण ओळ उसवते. घट्ट विणीची धुता येणारी सुती सतरंजी त्या मानाने बरी. तिच्या कडा जड फर्निचरखाली दाबाव्यात, दशा कापून टाकाव्यात आणि ससा ती केवळ चावून सोडतो की गिळतो हे पहिले काही दिवस नीट पाहावे. गिळत असेल तर तीही काढून शिंदीच्या पानांची किंवा गवताची, रंग न दिलेली चटई घालावी, जी त्याने खाल्ली तरी चिंता नसते. प्लॅस्टिकची चटई, ती कितीही स्वस्त मिळाली तरी, सशाच्या खोलीत आणू नये.