जड तो दणकट? आधी चाकू उघडून बघा

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या सामानाच्या याद्या फिरायला लागतात आणि त्यात घडीच्या चाकूबद्दल एक परिच्छेद ठरलेला असतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. चाकू हातात जड लागला पाहिजे, जड तोच दणकट. पातं जाड घ्या, मोडणार नाही. मूठ धातूची हवी, प्लास्टिकची म्हणजे खेळणं. आणि हलक्या चाकूला जास्त पैसे मागणारा दुकानदार तुम्हाला गंडवतोय.

यातला पात्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

‘जड तोच दणकट’ यापासून सुरुवात करू. वजन नेमकं कुठे असतं? पात्यात फारसं नसतं, मुठीत असतं. बऱ्याच चाकूंच्या मुठीत दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या असतात, त्यांना लायनर म्हणतात. 11 सेंटीमीटर लांब, 2 सेंटीमीटर रुंद आणि 1 मिलिमीटर जाड अशी एक पट्टी साधारण 17 ग्रॅम भरते. दोन पट्ट्यांचे 34. अजून पातं नाही, लॉक (उघडलेलं पातं मिटू न देणारी अडवण) नाही, वरचं आवरण नाही. याउलट फ्रान्सच्या साव्हॉय भागातल्या ओपिनेल कंपनीचा आठ नंबरचा चाकू घ्या. साडेआठ सेंटीमीटर पात्यासकट अख्खा चाकू सुमारे 45 ग्रॅमचा, कारण त्यात लायनरच नाहीत. बीच लाकडाची मूठ, तिला पात्यापुरती खाच आणि पुढे फिरणारं पोलादी कडं. जोसेफ ओपिनेलने पहिला चाकू 1890 मध्ये केला, ते फिरतं कडं 1955 मध्ये आलं, आणि तिथले शेतकरी आजही त्यानेच पाव आणि चीज कापतात. त्याला कुणी खेळणं म्हणत नाही.

बरं, लायनर असले तरी ते भरीव असायला हवेत असंही नाही. कापताना जोर पट्टीच्या उंचीच्या दिशेने येतो आणि तो मुख्यतः वरची आणि खालची कड पेलते. मधला भाग बराचसा बघ्याची भूमिका करतो. रेल्वेचा रूळ मध्ये बारीक आणि वर-खाली जाड असतो तो याच कारणाने. म्हणून चांगले कारागीर लायनर मधून पोखरतात. वजन उतरतं, ताकद जेमतेम कमी होते. चाकू उघडून आत ओळीने भोकं दिसली की लोकांना वाटतं, माल चोरला. उलट, तिथे जास्तीचं काम झालेलं असतं.

घडीचा चाकू हार मानतो तो आसाशी, म्हणजे पातं ज्या खिळ्यावर फिरतं तिथे, आणि लॉकपाशी. समजा, पात्याचं टोक आसापासून 8 सेंटीमीटरवर आहे आणि लॉक पात्याला आसापासून 8 मिलिमीटरवर अडवतो. टोकाकडून मिटण्याच्या दिशेने 10 किलोचा दाब आला तर लॉकवर तरफेने 100 किलोचा येतो. इथे कामाला येतं ते लॉकचं आसापासूनचं अंतर, टेकणाऱ्या पृष्ठभागांचा कोन, पोलादाला पाणी कसं दिलंय (तापवून, थंड करून कडक कसं केलंय) ते आणि तिथे खिशातला कचरा अडकलाय का ते. मुठीच्या शेपटाकडे शंभर ग्रॅम पितळ ओतलंत तरी यातलं काहीही सुधारत नाही. जड चाकूचा लॉक भक्कम असू शकतो, पण ते वजनामुळे नव्हे.

आता जाड पातं. माझ्या एका ट्रेकमित्राकडे 4 मिलिमीटर जाड पाठीचा चाकू आहे, दगडासारखा. एकदा पायथ्याच्या गावात खिचडीसाठी भाज्या चिरायला तो काढला. गाजरावर ठेवला, दाबला. पातं निम्म्यापर्यंत गेलं, तिथे थबकलं आणि मग ‘कट्ट’ असा आवाज होऊन गाजराचे दोन तुकडे दोन दिशांना उडाले. एक थेट चुलीच्या राखेत. पातं कापत नव्हतंच, पाचर ठोकल्यासारखं फोडत होतं. मग शेजारच्याचा पातळ पात्याचा चाकू घेतला, तर चकत्या कागदासारख्या पडल्या. धार दोघांनाही होती. मित्राने तर आदल्याच दिवशी लावून आणली होती, आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. फरक होता तो धारेच्या लगेच मागे किती जाडी आहे याचा. खोक्याचा पुठ्ठा, दोरी, फळं, भाजी, पाकीट: रोजच्या खिशातल्या चाकूची नव्वद टक्के कामं याच जातीची (आकडा माझ्या अंदाजाचा), आणि त्या सगळ्यांत पातळ पातं जिंकतं. ओपिनेलचं पातं दोन मिलिमीटरसुद्धा जाड नसतं.

अर्धं खरं ते हे. आडव्या जोराला जाड पातं नक्कीच जास्त टिकतं. जाडी दुप्पट केली की पातं आडवं वाकवायला आठपट जोर लागतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. डब्याचं झाकण उचकटायला, फळी सैल करायला हे कामाचं वाटेल. पण घडीच्या चाकूने उचकटलं तर आधी आस सैल होतो आणि मग पातं डुगडुगायला लागतं. पातं शाबूत राहिलं म्हणून चाकू राहिला असं होत नाही. उचकटायचंच असेल तर घडी नसलेला चाकू घ्या, नाहीतर सरळ पहार.

‘प्लास्टिकची मूठ म्हणजे खेळणं.’ ज्याला आपण प्लास्टिक म्हणतो ते बहुतेकदा काचतंतू घातलेलं नायलॉन असतं. स्पायडरको कंपनीचा डेलिका हा चाकू बाहेरून प्लास्टिकचा वाटतो, आत पोखरलेले पोलादी लायनर आहेत, आणि तरी तो सुमारे 70 ग्रॅमचा. बेंचमेड कंपनीचा 2017 मध्ये आलेला बगआउट चाकू आणखी खाली गेला: 8 सेंटीमीटरहून थोडं मोठं पातं आणि वजन 52 ग्रॅम. त्याची मूठ चिमटीत दाबली तर किंचित दबते, ही तक्रार खरी आहे आणि काहींना ते सहनच होत नाही. पण कापताना आपण मूठ दोन्ही बाजूंनी चेपत नसतो. ती तिथे वाकली म्हणून पातं निसटत नाही. विश्वास वाटत नाही हे कारण असू शकतं, मीही ते मानतो, फक्त त्याला दणकटपणाची कसोटी म्हणू नका.

टायटॅनियमचं मात्र भलतंच कौतुक होतं. ते पोलादाच्या साधारण 60 टक्के वजनाचं असतं आणि गंजत नाही, हे बरोबर. पण तेवढ्याच जाडीत त्याचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम निम्मा असतो, आणि पोलादी पात्यावर घासून ते झिजतं. म्हणूनच अनेक टायटॅनियम चाकूंमध्ये लॉकच्या टोकाशी पोलादाचा एक छोटा तुकडा बसवलेला दिसेल.

हलक्या चाकूची खरी अडचण वेगळीच आहे आणि त्या याद्यांमध्ये ती कधी येत नाही: मुठीचा आकार. ग्रॅम वाचवायला मूठ चपटी केली की अर्धा तास बांबू तासल्यावर तिच्या कडा तळहातात रुततात. इथे हवा असतो तो भरीवपणा, वजन नव्हे. लाकडाची गोल मूठ भरीवपणा आणि हलकेपणा दोन्ही साधते.

जड चाकूचं नाव काढलं की बक कंपनीचा 1964 चा 110 नंबरचा चाकू पुढे केला जातो. पितळी टोकं, लाकडी मूठ, 200 ग्रॅमच्या आसपास. उत्तम चाकू आहे. पण तो अमेरिकी शिकाऱ्यांनी पट्ट्याला चामडी म्यान लावून वागवायचा चाकू, खिशासाठी केलेला नाही. ट्रॅकपँटच्या खिशात टाकून गड चढून बघा, पाऊल टाकाल तसा मांडीवर आपटतो.

किमतीबद्दल एवढंच, की चाकू भंगाराच्या भावाने घ्यायचा नसतो. पैसे पडतात ते पोलादाच्या प्रतीचे, पाणी देण्याचे, पातं पातळ घासण्याचे आणि ते लायनर पोखरण्याचे.

एवढं सगळं बोलून माझा ओपिनेल जुलैत घरीच राहतो. भिजलं की लाकूड फुगतं आणि पातं खाचेत असं घट्ट बसतं की नख मोडेल, चाकू उघडणार नाही. साव्हॉयचे लोक मुठीचं शेपूट टेबलावर ठोकतात, मग पात्याची पाठ वर येते. मी ते राजगडावर भर पावसात कातळावर ठोकून केलंय, तिसऱ्या ठोक्याला जमलं. तेव्हापासून पावसाळ्यात खिशात लाल स्विस चाकू असतो. तो 60 ग्रॅमचा आहे आणि त्याला तर लॉकसुद्धा नाही.