खर्रा घोटता घोटता जग चालवा

हरभऱ्यासाठी परवा दोन पोती डीएपी खत आणायला गेलो. कृषी केंद्रवाला म्हणाला, "चीनकडून मालच येऊन नाही राहिला, भाऊ." मग आतून दोन पोती निघाली, पण सोबत नॅनो खताच्या दोन बाटल्या घ्याव्या लागल्या. १३५० च्या पोत्यामागं हे लिंकिंग! बाहेर पानठेल्यावर मात्र जग बहुध्रुवीय झाल्याचा, म्हणजे एकट्या अमेरिकेचं न राहिल्याचा, आनंद ओसंडून वाहत होता. तुम्हालाही त्यात सामील व्हायचं असेल, तर ऐका.

मित्र पक्के ठेवू नका. २०२० मध्ये ट्रम्प अहमदाबादला आले तेव्हा टाळ्या पिटल्या ना? २०२५ च्या ऑगस्टात त्यांनी रशियन तेलाचं निमित्त करून आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, की स्टेटस बदलायचं. आठवड्याभरात चीनमधल्या तियानजिनहून मोदी, पुतिन, शी जिनपिंग यांचा हसरा फोटो येतोच. चिनी माळांवर बहिष्काराचा जुना मेसेज तेवढा डिलीट करा.

भारत, रशिया, चीन ज्यात आहेत त्या ब्रिक्स गटात इथिओपियाही आहे, हे कोणालाच सांगू नका.

कापसाचा विषय निघाला, की खर्रा थुंकायला उठा. कारण मग सांगावं लागतं, की अमेरिकेनं आपल्या कपड्यावर ५० टक्के लावले आणि आपण १९ ऑगस्ट २०२५ ला बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीत! गिरण्यांना स्वस्त रुई पाहिजे, मान्य. पण ब्राझीलची गाठ बंदरात बिनशुल्क उतरायची आणि माझा कापूस घेताना व्यापारी मोबाईल दाखवून म्हणायचा, "ग्लोबल मार्केट डाऊन आहे, भाऊ." २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११०, पण सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की बैलबंडी परत. त्या वर्षीच्या पावसात १२ कुठून आणू? चुलीवर वाळवू?

अन् तुम्ही काय केलं? पुतिनच्या गाडीचं नाव ऑरस, हे तुम्हाला पाठ. सातबाऱ्यावर कापूस चढलाय का, पाहिलं? शुल्क निघालं त्याच दिवसांत मंडळाच्या आरतीला नेते आले होते. एकानं त्यांना शुल्काचं विचारलं नाही. सगळे सेल्फीला उभे, मीही होतो, लाज वाटते. पऱ्हाटी तुमचीही आहे ना बे? पोराची फी तिच्यावरच भरता ना? ग्रामसभेच्या ठरावासाठी सह्या मागत फिरलो, तर म्हणे, आधी मॅच संपू दे.